पिवळा गूळ आमच्याकडे का नसतो
कोथरूडमधील आमच्या लहानशा दुकानात पिवळाधमक गूळ मिळत नाही, कारण उसाचा रस उकळताना हायड्रॉस पावडर (रंग उजळवणारे रसायन) टाकली नाही तर गूळ तपकिरी, कधी काळसरही उतरतो, आणि हे नव्या ग्राहकाला प्रत्येक वेळी समजावून सांगावे लागते. (आजीबाईंना ते सांगावे लागत नाही, त्या भावावरूनच वाद घालतात.) हातसडीचा तांदूळ मात्र मी थोडाच मागवतो, कारण दाण्यावर राहिलेल्या कोंड्यातील तेलामुळे तो लवकर खवट होतो. ‘सेंद्रिय’ ही पाटी आम्ही सरसकट लावत नाही: सेंद्रिय अन्नाबाबतच्या २०१७ च्या सरकारी नियमांनी लहान उत्पादकाच्या थेट विक्रीला सूट दिली असली, तरी दुकानातील मालाला प्रमाणपत्र लागते. त्यामुळे मावळातील इंद्रायणी तांदळाच्या पोत्यावर केवळ गाव आणि कापणीचा महिना लिहिलेला असतो.