बाजाराच्या रस्त्यावरचे खुबे

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वैनगंगेच्या अलीकडे, धानाच्या पट्ट्यात एक ग्रामीण रुग्णालय आहे. तिथे मी एक्स-रे तंत्रज्ञ आहे. रेडिओलॉजिस्ट नाही. फिल्म मी काढते, डॉक्टर बघतात, अडलं तर फोटो जिल्ह्याला जातो. गेल्या पावसाळ्यातला एक दिवस अजून डोक्यातून जात नाही म्हणून हे लिहिते आहे. रुग्णांची ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

आधी खुब्याच्या एक्स-रेबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. चिठ्ठीवर नुसतं 'एक्स-रे पेल्व्हिस' लिहिलेलं असतं. रुग्णाला पाठीवर झोपवलं, बटण दाबलं, झालं, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. पण पाय सैल सोडले की पावलं बाहेर पडतात, मांडीच्या हाडाची मान आखूड दिसते आणि नेमकी बघायची जागा झाकली जाते. म्हणून दोन्ही पाय पंधरा-वीस अंश आत वळवायचे, अंगठ्याला अंगठा टेकवायचा, बाजूला वाळूच्या पिशव्या लावायच्या. मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा फिल्ममध्ये जेमतेम दिसला की पाय बरोबर वळले होते असं समजायचं. त्यानंतर दुसरी फिल्म, फ्रॉग-लेग. गुडघे वाकवून तळव्याला तळवा लावायचा आणि मांड्या बाहेर फाकवायच्या. हाडाच्या डोक्याचा पुढचा भाग, ज्याच्यावर सगळा भार येतो, तो या फिल्ममध्ये मोकळा दिसतो. खुब्याचं हाड मरायला लागलं की सांध्याच्या पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखी बारीक काळी रेघ येते. सरळ फिल्ममध्ये ती हमखास निसटते, फ्रॉग-लेगमध्ये सापडते. तीही यायला उशीरच लागतो. अगदी सुरुवातीच्या काळात एक्स-रे स्वच्छ असतो आणि एमआरआयशिवाय काही कळत नाही. तरी जी रेघ दिसू शकते ती तरी दिसायला हवी. मोबाइलवर मॉनिटरचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला की ही रेघ मरते. हे मी सगळ्यांना सांगून थकले आहे.

आणखी एक गोष्ट टेबलावरच कळते. हाडाचं डोकं बिघडलेल्या माणसाचा पाय आत वळवायला गेलं की तो दचकतो. फिल्म निघायच्या आधीच मला अंदाज येतो. आमच्या बायका ही पोझिशन पुरुष तंत्रज्ञासमोर घेत नाहीत, संकोचतात, मग फ्रॉग-लेग राहूनच जाते. माझ्याकडे त्या घेतात. त्यामुळे बायकांचे खुबे माझ्या नोंदीत आले, एरवी आले नसते.

नोंदीचं असं की आम्हाला शिकताना 'रिजेक्ट ॲनालिसिस' शिकवतात. कोणती फिल्म पुन्हा काढावी लागली, का, कोणाच्या हातून, हे लिहून ठेवायचं. पुढे नोकरीत ते कोणी करत नाही. मी एक्सेलमध्ये करते. नंबर, वय, गाव, कोणती फिल्म, किती केव्ही (एक्स-रेचा दाब), पुन्हा काढली का, आणि शेवटच्या रकान्यात काय दिसलं. सीआरच्या, म्हणजे डिजिटल प्रतिमा साठवणाऱ्या, संगणकाची डिस्क भरली की जुन्या प्रतिमा आपोआप पुसल्या जातात, कोणाला विचारत नाही. म्हणून संशय असलेल्या फिल्म मी रुग्णालयाच्याच एका वेगळ्या डिस्कवर ठेवते. ती डिस्क मिळवण्यासाठी किती अर्ज लिहिले ते सोडा.

या शीटमध्ये गावाचा रकाना लावून बघितला आणि एकाच रस्त्यावरच्या चार गावांमधून दोन्ही बाजूंचे खुबे खराब असलेली माणसं वारंवार येताना दिसली. तिशी ते पन्नाशीतली, कमावती. आमच्या भागात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलच्या कोयत्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, खुब्याच्या डोक्याला रक्त मिळत नाही आणि हाड मरतं. म्हणून इथे खुबा गेलेला दिसला की डॉक्टर 'सिकल असेल' म्हणून पुढे जातात. प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याकडे बसून नंबराप्रमाणे सोल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिस या सिकलच्या चाचण्यांचे रिपोर्ट जुळवले. त्या रस्त्यावरच्या बहुतेकांना सिकल नव्हतं. दोघं-तिघं एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा असा त्रास होत नाही. मग दारू? जास्त दारूनेही हेच होतं. पण यादीत निम्म्याच्या आसपास बायका होत्या, आणि त्यांच्यापैकी कोणी पिणारी नव्हती.

नुसते आकडे मोजले तर फसायला होतं, हे मला माहीत होतं. रुग्णालयाजवळच्या गावांतून सगळ्याच फिल्म जास्त येतात. म्हणून एकेका गावाच्या एकूण खुब्याच्या फिल्ममध्ये असे दोन्हीकडून गेलेले किती, हे धरलं. दुसरी शंका माझी मलाच आली. फ्रॉग-लेग नेमाने काढायला लागल्यापासून असे रुग्ण वाढले होते, आणि त्यातला काही भाग आजाराचा नसून नीट बघण्याचा होता. पण नीट बघणं सगळ्या गावांना सारखंच होतं. गर्दी मात्र एकाच रस्त्यावर. त्या रस्त्याच्या शेवटी आठवडी बाजार भरतो.

टेबलावर झोपलेल्या माणसाला मी विचारायला लागले, "दुखण्यावर काय घेता?" उत्तर एकच यायचं. बाजारात सांधेदुखीची पुडी मिळते. खाकी कागद, आत तपकिरी भुकटी, नाव नाही. "आयुर्वेदिक हाये ताई, एका रातीत उभं करते." एका रात्रीत उभं करणाऱ्या भुकटीत काय असणार, हे आमच्या औषध भांडारातल्या भाऊंनी ऐकल्या ऐकल्या सांगितलं. डेक्सामेथासोन, नाहीतर प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. स्वस्त, चवीला झाकता येणारं, सूज लगेच उतरवणारं. रोवण्याच्या दिवसात बाई दिवसभर बांधीत वाकून असते, तिला संध्याकाळी कंबर हलवता येत नाही, तिला हेच हवं असतं. स्टेरॉइड महिनोन्महिने पोटात गेलं की खुब्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो, मणके ठिसूळ होतात, साखर वाढते. चेहरा भरतो, गाल गोल होतात, आणि घरचे म्हणतात, पुडीने तब्येत सुधारली.

मी हे दोन पानांवर लिहून वर दिलं. 'तंत्रज्ञाने निदान करू नये' असा शेरा एका अधिकाऱ्याने तोंडी मारला. मी निदान केलं नव्हतं, मोजलं होतं. तो फरक त्यांना समजावून घ्यायचा नव्हता.

त्यानंतर पाऊस लागला. नाल्याला पूर आला, रस्ता पाण्याखाली गेला, दोन आठवडे बाजार भरला नाही. पाणी ओसरलं त्या दिवशी ओपीडीत उलट्या, थकवा, ताप यांची रांग होती. पावसाळ्यात हे ठरलेलंच. मलेरियाची किट संपत आली होती. दुपारी एका बाईला स्ट्रेचरवरून माझ्याकडे पाठवलं. उलट्या, पोटदुखी, रक्तदाब खाली. चिठ्ठीवर पोटाचा उभा एक्स-रे. उभी राहूच शकत नव्हती. मुलगा म्हणाला, "दोन दिवस झाले, उठूनच नाई राहिली. पाणीबी पोटात टिकत नाई." एक्स-रेची कॅसेट ठेवताना मी तिचा चेहरा पाहिला. गोल गाल, दंडावर निळे डाग, कातडी कागदासारखी पातळ. ही माझ्या यादीतली होती. उन्हाळ्यात तिच्या दोन्ही खुब्यांची फिल्म मीच काढली होती.

"मावशी, पुडी घेता ना अजून?"

तिच्याऐवजी मुलगाच बोलला, "कुठची पुडी ताई. सरल्या. बजारच नाई भरला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवणं सोडून देतात. पुरवठा अचानक तुटला की शरीराकडे काहीच उरत नाही. उलट्या होतात, रक्तदाब आणि साखर उतरते, माणूस जातो. पुडी घेण्याइतकीच पुडी एकदम बंद होणंही जिवावरचं असतं, आणि इथे तर पुराने ती सगळ्या रस्त्याची एकाच वेळी बंद केली होती.

आमचे वैद्यकीय अधिकारी बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, आलेले, वर्षही झालं नसेल. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी मला मधे थांबवलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. शीट बघितली, बाईकडे बघितलं, ग्लुकोमीटर मागवला. साखर पन्नाशीच्या खाली. सलाईन सुरू केलं, डेक्स्ट्रोज दिलं. कॉर्टिसॉलसाठी रक्त आधी काढून ठेवलं, कारण हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधातलं कॉर्टिसॉल, दिल्यावर काढलं तर आकडा कामाचा राहत नाही. मग हायड्रोकॉर्टिसोन शंभर मिलिग्रॅम शिरेतून. संध्याकाळपर्यंत रक्तदाब वर आला आणि बाईने चहा मागितला.

डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. "ताई, यादीतले अजून कोण आलेत आज?" ओपीडीच्या रजिस्टरवरची गावं आम्ही यादीशी लावली. एक माणूस सकाळीच 'व्हायरल' म्हणून ओआरएसची पाकिटं घेऊन घरी गेला होता. त्याच्या गावच्या आशाताईंना फोन लावला. त्या चिखलातून त्याच्या घरी गेल्या. तो खाटेवर पडून होता, हाक मारली तर जेमतेम हूं म्हणत होता. 108 वर फोन केला, गाडी नाल्याच्या अलीकडे थांबली, चौघांनी खाट उचलून आणली. तोही वाचला. आशाताईंचं नाव कुठल्या अहवालात आलं नाही, म्हणून इथे लिहिते की त्या दिवशीचं सगळ्यात अवघड काम त्यांनी केलं.

बाईच्या कॉर्टिसॉलचा आकडा नंतर आला, एवढ्या आजारी माणसात असायला हवा त्याच्या कितीतरी खाली. दरम्यान तिच्या छातीची फिल्मही झाली होती. आमच्याकडे टीबीच्या तपासणीसाठी फिल्म वाचणारं सॉफ्टवेअर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पंधरा वर्षांवरच्या लोकांसाठी अशा वाचनाला मान्यता दिली. सॉफ्टवेअरने टीबीचा स्कोअर कमी दिला, आणि ते बरोबरच होतं. पण त्याला फक्त टीबी विचारलेला असतो. बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये दोन मणके पाचरीसारखे दबलेले होते. ते मी बघितले, डॉक्टरांनी बघितले. यंत्राने हिरवा शेरा दिला की फिल्म बंद करण्याची सवय लागते आहे, ती मला घातक वाटते. शिवाय स्टेरॉइडवर असलेल्या माणसात दबलेला टीबी उसळतो, म्हणजे याच लोकांवर जास्त नजर हवी.

मग फॉर्मचं प्रकरण. औषधाचे दुष्परिणाम कळवायला 2010 पासून फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया आहे, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट कोणीही कळवू शकतं. पुरावा सिद्ध करावा लागत नाही, 'संशयित' एवढं पुरतं. 1800-180-3024 हा टोल-फ्री नंबर आहे, रुग्णही कळवू शकतात. आम्ही फॉर्म घेऊन बसलो. औषधाचं नाव? नाही. कंपनी? नाही. बॅच नंबर, मुदत? नाही. मात्रा? 'दिवसाला एक पुडी, जास्त दुखलं तर दोन.' आयुषच्या औषधांसाठी दक्षतेची वेगळी यंत्रणा आहे, म्हणून ही पुडी तिकडे जायची की इकडे, यावरही आमच्याकडे वाद झाला. भुकटी आयुर्वेदिक म्हणून विकली जाते. आत जे आहे असा आम्हाला संशय आहे ते ॲलोपॅथीचं. डॉक्टरांनी दोन्हीकडे कळवलं. बॅचच्या रकान्यात आम्ही बाजाराचं गाव आणि वार लिहिला, आणि मला वाटतं तीच त्या फॉर्ममधली सगळ्यात उपयोगाची माहिती होती. बाईच्या घरी डब्याच्या तळाशी एक फाटकी पुडी सापडली. ती औषध निरीक्षकांकडे दिली आहे, तपासणीचा अहवाल यायचा आहे. तो येईपर्यंत 'संशयित' हाच शब्द वापरायचा असं आम्ही ठरवलं आहे, आणि मी इथेही तो पाळते.

विकणारा त्या बाजारात आता दिसत नाही. दुसरीकडे बसत असेल. मला काळजी त्याच्यापेक्षा घेणाऱ्यांची आहे. गावात दवंडी देऊन 'पुडी फेकून द्या' सांगणं सगळ्यात सोपं होतं, तशी सूचना बैठकीत आलीही होती. डॉक्टरांनी ती अडवली. आता आशाताई घरोघरी सांगतात, पुडी घेत असाल तर एकट्याने बंद करू नका, आधी दवाखान्यात या. इथे मोजून प्रेडनिसोलोन देतात आणि आठवड्या-आठवड्याने उतरवत नेतात. यादीतले निम्मे आले. काहींचे खुबे बदलण्यापलीकडे उपाय नाही. त्यांना नागपूरला पाठवलं आहे, तिथे वाट बघावी लागते.

न आलेल्यांपैकी बरेच जण थोड्याच दिवसांत मिरची तोडायला तेलंगणात जातील. जाताना लोक दोन-तीन महिन्यांच्या पुड्या बांधून नेतात, हे मला टेबलावरच कळलं होतं. तिकडे पुड्या सरल्या तर तिथल्या दवाखान्यात त्यांना कोणी ओळखणार नाही, उलट्यांवर गोळी देऊन परत पाठवतील. म्हणून आम्ही खिशात मावेल असं कार्ड केलं आहे: हा रुग्ण दीर्घकाळ स्टेरॉइडसदृश भुकटी घेत असल्याचा संशय आहे, उलट्या किंवा चक्कर असल्यास साखर आणि रक्तदाब तपासा, हायड्रोकॉर्टिसोनचा विचार करा. मराठी आणि इंग्रजी मजकूर डॉक्टरांनी तपासला आहे. तेलुगूचा आम्ही जुळवाजुळव करून लिहिला आहे. तो वाचून दुरुस्त करून देणारं कोणी तुमच्या ओळखीत असेल, विशेषतः नर्स किंवा फार्मासिस्ट, तर कळवा. हंगामाच्या आत छापायचं आहे.