टँकरची वाट

गोठ्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची आमची वाट जेमतेम चारशे मीटरची आहे. पण दर दोन दिवसांनी येणारा दुधाचा टँकर त्या वाटेने आत येऊ शकला नाही, तर शेतावरचे बाकीचे सगळे काम असून नसल्यासारखे होते. दूध ४ अंश सेल्सिअसवर थंड ठेवणाऱ्या आमच्या टाकीत चार वेळच्या धारा मावतात आणि पाचव्या धारेचे दूध ठेवायला जागा नसते. गाईंची धार मात्र थांबवता येत नाही. वेळ टळली की कास तटतटते, गाय अस्वस्थ होते आणि कासदाहाची भीती उभी राहते. त्यामुळे त्या दिवशी सकाळी अकरापर्यंत वाट मोकळी झाली नाही, तर संध्याकाळचे सगळे दूध गटारात ओतावे लागणार, हे मला आणि माझ्या सहकाऱ्याला, आम्हां दोघांनाही ठाऊक होते. आदल्या दिवशी दुपारपासून बर्फ पडत होता, रात्री त्याला वाऱ्याची जोड मिळाली आणि पहाटे दार उघडले तेव्हा वाटेच्या कडेचे कुंपणाचे खांब निम्म्याहून अधिक बुडालेले होते. तापमापकाचा काटा शून्याखाली २४ अंशांवर होता.

इंजिन रात्रभर कोमट ठेवणाऱ्या हीटरचा वीजप्रवाह रात्रीत केव्हातरी खंडित झाला होता, त्यामुळे ट्रॅक्टर दगडासारखा थंड पडला होता. इतक्या थंडीत शिशाच्या बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. सेल्फ दोनदा कण्हला आणि थांबला. दुसऱ्या बॅटरीची जोड देऊन, ग्लो प्लग, म्हणजे सुरू होण्याआधी इंजिनाला आतून ऊब देणाऱ्या विजेच्या कांड्या, पुरेसे तापू देऊन आम्ही इंजिन सुरू केले. लवकर सुरू व्हावे म्हणून हवेच्या वाटेत ईथरचा फवारा मारण्याचा मोह अशा वेळी होतो, पण ग्लो प्लग असलेल्या इंजिनात तो तापलेल्या टोकावर अवेळी पेटतो आणि इंजिन आतून फोडू शकतो. म्हणून तो डबा आम्ही त्या शेडमध्ये ठेवतच नाही.

पंधरा मिनिटे इंजिन शांतपणे चालले. नंतर मी ट्रॅक्टर बाहेर काढला, बर्फ फेकणारे यंत्र पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, घेतले आणि पहिले वीस-पंचवीस मीटर साफ होतात न होतात तोच आवाज खाली-वर होऊ लागला. भार पडला की इंजिन दम टाकायचे, भार काढला की सावरायचे आणि तिसऱ्या वेळी ते सावरलेच नाही. खाली उतरून इंधन फिल्टरच्या काचेच्या वाटीवर टॉर्च धरला, तेव्हा कारण समोर दिसले. एरवी पारदर्शक, पिवळसर दिसणारे डिझेल तिथे पांढुरके झाले होते आणि वाटीच्या कडेला थिजलेल्या मेणासारखा थर धरला होता. तो मेणासारखा नव्हता, मेणच होता. डिझेलमध्ये मुळातच पॅराफिन मेण विरघळलेले असते. तापमान एका मर्यादेखाली गेले की त्याचे बारीक स्फटिक होऊन इंधन प्रथम ढगाळ दिसते आणि मग ते स्फटिक फिल्टरच्या कागदावर साचून वाट बंद करतात. साध्या डिझेलमध्ये हे शून्याखाली दहा अंशांच्या आसपास, कधीकधी त्याच्याही आधी घडते. हिवाळी डिझेल याच कारणासाठी वेगळे बनवले जाते. आमच्या टाकीत हिवाळी डिझेल भरले होते खरे, पण शरद ऋतूतल्या उरलेल्या डिझेलवर भरले होते, आणि हे मिश्रण किती थंडीपर्यंत टिकेल याचा हिशोब कोणीच केला नव्हता. शेडमध्ये फिल्टर आणि नळ्यांतले इंधन त्या मानाने उबदार होते, म्हणून इंजिन सुरू झाले. उघड्या वाऱ्यात टाकीतले गार डिझेल पुढे आले आणि श्वास कोंडला.

इंधन थिजू नये म्हणून मिसळायचे द्रव्य शेडमध्ये होते, पण ते मेण धरण्याच्या आधी घालायचे असते. एकदा थिजल्यावर ते ओतून विशेष उपयोग होत नाही. आम्ही बॉनेटवर ताडपत्री टाकून तिच्याखाली गरम हवेचा पंखा लावला, जुना फिल्टर काढला, नवा फिल्टर गोठ्यातल्या उबेत ठेवलेल्या डिझेलने भरून बसवला आणि टाकीत थोडे केरोसीन मिसळले. आमच्या जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनाला ते चालते. नव्या उच्चदाबाच्या इंजिनांत केरोसीनमुळे पंपाला मिळणारे वंगण कमी पडते, तेव्हा हा उपाय सरसकट करण्याचा नाही. नळ्यांतली हवा काढून इंजिन पुन्हा सुरळीत चालेपर्यंत दीड तास गेला. साडेआठ वाजले होते. माझी खरी चूक या दीड तासानंतर घडली आणि ती घाईतून घडली.

आमचे बर्फ फेकणारे यंत्र ट्रॅक्टरच्या मागे थ्री पॉइंटला, म्हणजे अवजार वर-खाली करता येणाऱ्या तीन टोकांच्या जोडणीला, बसते आणि पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालते. ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चालवत, मान सतत मागे वळवून काम करावे लागते. पुढचे आडवे मळसूत्री पाते बर्फ खरवडून मध्यभागी ओढते आणि मागचा पंखा तो वर वळलेल्या नळकांड्यातून दूर फेकतो. हे पाते साखळीवर फिरते, आणि साखळीचे दातेरी चाक पात्याच्या दांड्याला एकाच बोल्टने जोडलेले असते. तो शिअर बोल्ट. पाते कशात अडकले की हा बोल्ट मधोमध तुटतो, चाक मोकळे फिरत राहते आणि पुढची यंत्रणा वाचते. त्या दिवशी पहिला बोल्ट बर्फाखाली गाडल्या गेलेल्या लाकडी फळीने तोडला. पीटीओ बंद केला, इंजिन बंद केले, किल्ली खिशात टाकली, फळी उपसली आणि नवा बोल्ट घातला. इंजिन बंद असल्याशिवाय तिथे हात घालायचा नाही आणि अडकलेला बर्फ हाताने नव्हे, काठीनेच काढायचा, हा नियम मी कितीही घाई असली तरी मोडलेला नाही. दुसरा बोल्ट शंभर मीटरवर तुटला. तो का तुटला, याचा शोध घ्यायला मी थांबलो नाही. बोल्टांचा डबा उघडला, तर आत एकही शिल्लक नव्हता.

शेडमध्ये जाऊन शोधले, तेव्हा कुट्टीच्या यंत्राच्या सामानात नेमक्या त्याच जाडीचा आणि लांबीचा एक बोल्ट सापडला. त्याच्या डोक्यावर ८.८ असे कोरलेले होते आणि आमच्या यंत्राच्या पुस्तिकेत ४.६ चा बोल्ट सांगितलेला आहे. हे आकडे शोभेचे नसतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की बोल्ट किती ताणाला तुटतो ते मेगापास्कलमध्ये मिळते, म्हणजे ४.६ चा बोल्ट ४०० ला आणि ८.८ चा ८०० ला. जिथे ठरलेल्या जोराला सुटायचे, तिथे मी दुप्पट जोराला धरून ठेवणारी वस्तू बसवत होतो. मला हे माहीत होते. ‘दोनशे-अडीचशे मीटरच तर राहिले आहेत, तेवढे निघेल’ असे मी सहकाऱ्याला म्हणालो, आणि तो गप्प राहिला. त्याचे ते गप्प राहणे मला नंतर पुष्कळ दिवस आठवत होते, कारण त्याला माझे म्हणणे पटले नव्हते हे दिसत होते आणि तरीही मी विचारले नाही.

साठ-सत्तर मीटर काम उत्तम झाले. वाटेच्या वळणावर, जिथे शेणाची गाडी वळते, तिथे सांडलेल्या शेणाचा गोळा गोठून जमिनीला चिकटला होता. गोठलेले शेण दगडाहून फारसे मऊ नसते. पाते त्यावर आदळले आणि एरवी येणारा बोल्ट तुटल्याचा छोटासा ‘टक्’ आवाज आला नाही. ट्रॅक्टरचे मागचे अंग उचलल्यासारखे झाले, एक जाड, खोल आवाज झाला आणि साखळी तुटून पत्र्यावर आदळली. मी तत्काळ पीटीओ सोडला. इंजिन बंद करून उतरलो, तेव्हा गिअरबॉक्समधून साखळीकडे येणारा दांडा पिळलेला दिसला, सील फाटले होते आणि त्यातून काळपट ऑइलचा थेंब ठरावीक वेळाने बर्फावर पडत होता. प्रत्येक थेंब आपल्या उबेने एक लहानसे छिद्र करून आत जात होता. आम्ही दोघे ते पाहत काही क्षण नुसते उभे राहिलो. नंतर मी तो बोल्ट काढला. त्यावर साधा ओरखडाही नव्हता.

दुसरा बोल्ट का तुटला, तेही आता कळले. फळीच्या फटक्याने पात्याच्या एका टोकाचे बेअरिंग सरकले होते आणि पाते एका बाजूला घासत फिरत होते. म्हणजे तो बोल्ट विनाकारण तुटला नव्हता. यंत्रात बिघाड आहे, हे तो मला सांगत होता.

अजून दीडशे मीटर बाकी होते आणि दहा वाजून गेले होते. आता पुढच्या लोडरच्या बकेटने बर्फ उचलून कडेला टाकण्याशिवाय मार्ग नव्हता. बंद पडलेले यंत्र मागून सोडवून ठेवावे असा माझा विचार होता, पण या वेळी सहकारी स्पष्ट बोलला, की ते मागे वर उचललेलेच राहू दे. त्याचे म्हणणे योग्य होते. ताजा, भुसभुशीत बर्फ एका घनमीटरला शंभर किलोही भरत नाही, पण वाऱ्याने दाबून बसवलेला बर्फ तीनशे-चारशे किलोपर्यंत जातो. बकेट भरून वर उचलली की सगळे वजन पुढच्या आसावर येते आणि मागची चाके, साखळ्या लावलेल्या असल्या तरी, जागच्या जागी फिरू लागतात. मोडलेल्या यंत्राचे वजन मागे राहिले, म्हणूनच त्या दिवशी ट्रॅक्टरची पकड टिकली.

दाबाने बकेट उचलणारे हायड्रॉलिक ऑइल गारठून मधासारखे घट्ट झाले होते, बकेट हळू उचलली जायची आणि पंप कण्हायचा. थोडा वेळ हलक्या हाताने वर-खाली करून ऑइल तापू दिले, मग काम वेगाने होऊ लागले. शेवटच्या तीस मीटरवर होजच्या, म्हणजे त्या ऑइलच्या लवचिक नळीच्या, वळणापाशी धुक्यासारखा बारीक फवारा दिसला. सहकारी हातमोजा घातलेला हात पुढे करून भोक चाचपडायला वाकला आणि मी त्याच्यावर ओरडलो. इतक्या मोठ्याने मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो. या नळ्यांमध्ये १५० ते २०० बार दाब असतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघणारी ऑइलची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते, वरून किरकोळ टोचल्यासारखे दिसते आणि आतले मांस सडू लागते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून, आणि होज सोडवायची ती बकेट जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब मोकळा केल्यावरच. तो माझ्याकडे पाहत राहिला, हात मागे घेतला आणि पुठ्ठा आणायला गेला. त्याला ही गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. गेल्या वर्षभरात ती सांगणे माझे काम होते.

सुटी होज एकच होती, ती बसवली, कमी झालेले ऑइल भरले आणि उरलेला बर्फ काढला. टँकरच्या चालकाला मी आधीच फोन केला होता, आणि तो दुसरी दोन शेते उरकून दुपारी सव्वादोनला आला. टाकी रिकामी होऊन धुवून निघाली तेव्हा साडेतीन झाले होते. संध्याकाळच्या धारेला तास-दीड तास उरला होता. शेताच्या मालकांना बोल्टाबद्दल मी स्वतः सांगितले. त्यांनी तो हातात घेतला, डोक्यावरचा आकडा वाचला आणि गिअरबॉक्सचा भाग यायला किती दिवस लागतील एवढेच विचारले. तो यायला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत तीनदा बर्फ पडला.

त्याच संध्याकाळी धार झाल्यावर आम्ही टाकीतले सगळे डिझेल मोजून त्यात द्रव्य घातले, हीटरची वायर बदलली आणि जुने ८.८ चे बोल्ट त्या शेडमधून उचलून कुट्टीच्या यंत्राजवळ नेऊन ठेवले. सहकाऱ्याने यंत्राच्या पत्र्यावर, साखळीच्या झाकणाशेजारी, रंगाने ४.६ असे मोठ्या अक्षरांत लिहिले. आम्ही परतलो तेव्हा वारा पुन्हा सुटला होता आणि वळणावरच्या वाटेत बर्फाची पहिली पातळ रेघ धरू लागली होती.