शाब्दिक उदाहरणे आणि दोन समीकरणे : माझा अनुभव

दोन चलांतील रेषीय समीकरणे पुन्हा शिकायला घेतली, तेव्हा मांडून दिलेली समीकरणे सोडवणे मला जड गेले नाही. घोडे अडत होते ते शाब्दिक उदाहरणांपाशी, कारण तिथे चार-पाच ओळींच्या मजकुरातून समीकरणे आपणच शोधायची असतात. म्हणून काही काळ मी आकडेमोड बाजूला ठेवली आणि प्रत्येक उदाहरणासाठी फक्त दोन गोष्टी लिहू लागलो: कोणते अक्षर कशासाठी आणि कोणत्या एककात, आणि कोणती दोन परिमाणे कशाबरोबर समान आहेत. (भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांवरून नावे आहेत, क्ष आणि य यांपेक्षा ती निदान एकमेकांत मिसळत नाहीत.)

मला सर्वाधिक शिकवले ते मिश्रणाच्या उदाहरणाने. 20 टक्के आणि 50 टक्के तीव्रतेची आम्लाची दोन द्रावणे मिसळून 40 टक्के तीव्रतेचे 30 लीटर द्रावण तयार करायचे आहे. पहिल्या द्रावणाचे क्ष लीटर आणि दुसऱ्याचे य लीटर घेतले, तर एकूण द्रवाचे समीकरण क्ष + य = 30 असे लगेच मिळते. दुसरे समीकरण मात्र द्रवाचे नसून त्यातील शुद्ध आम्लाचे आहे: 0.2क्ष + 0.5य = 12. यातला 12 हा आकडा उदाहरणात कुठेही दिलेला नाही. तो 30 लीटरचे 40 टक्के काढून आपणच आणावा लागतो. एका समीकरणातील सर्व पदे एकाच गोष्टीची आणि एकाच एककातील असली पाहिजेत, हे इथे पक्के झाले.

पुढचे काम सोपे आहे. पहिल्या समीकरणावरून क्ष = 30 − य, आणि ही किंमत दुसऱ्या समीकरणात कंसासह ठेवली की 0.2(30 − य) + 0.5य = 12, म्हणजे 6 + 0.3य = 12, म्हणून य = 20 आणि क्ष = 10. हीच किंमत चुकून पहिल्याच समीकरणात ठेवली, तर 30 = 30 एवढेच हाती लागते, कारण त्यातून कोणतीही नवी माहिती येत नाही. एका चलाची किंमत दुसऱ्या समीकरणात ठेवण्याची ही पद्धत मला आवडण्याचे कारण असे की ती आपल्या विचाराच्याच क्रमाने जाते: एकूण 30 लीटर ठरले आहेत, तेव्हा एक भाग ठरला की दुसऱ्याला मोकळीक उरत नाही. अर्थात, 7क्ष + 5य आणि 3क्ष − 4य असे सहगुणक समोर आले, तर अपूर्णांकांचा गुंता टाळण्यासाठी मी सरळ समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एका चलाचा लोप करतो, म्हणजे ते चल घालवतो.

त्याच मिश्रणात 40 ऐवजी 60 टक्के तीव्रता मागितली, तर य = 40 आणि क्ष = −10 मिळते. आकडेमोड बिनचूक आहे, तरीही उणे दहा लीटर कोणी ओतू शकत नाही; 50 टक्क्यांहून तीव्र द्रावण या दोहोंतून होणारच नाही, हेच ते उत्तर सांगते.

टाक्यांच्या उदाहरणात पद्धत आणखी सहज बसते. एका टाकीतील 240 लीटर पाणी मिनिटाला 6 लीटर या वेगाने कमी होते, तर दुसरीतील 60 लीटर पाणी मिनिटाला 4 लीटरने वाढते; दोन्हींतील पाणी समान केव्हा होईल? क्ष मिनिटांनी टाकीत य लीटर पाणी आहे असे मानले, तर इथे य = 240 − 6क्ष आणि य = 60 + 4क्ष असे दोन्हीकडे य आधीच मोकळा आहे, त्यामुळे 240 − 6क्ष = 60 + 4क्ष, म्हणजे 18 मिनिटांनी दोन्हींत 132 लीटर. दुसऱ्या टाकीची क्षमता 120 लीटरच असेल, तर ती 15 मिनिटांतच भरते आणि त्या वेळी पहिलीत 150 लीटर शिल्लक असतात. समीकरणांना टाकीच्या काठाची कल्पना नसते. म्हणून आता मी ताळा समीकरणांत न करता मूळ मजकुरात करतो, कारण मुळात समीकरणच चुकीचे मांडले असेल, तर त्याचे चुकीचे उत्तर त्यात तंतोतंत बसते.