उलटी फेरी

मे महिन्यातली दुपार. मी सावंतवाडीच्या मोती तलावाच्या कठड्याकडेने, मिळेल तेवढ्या सावलीतून घरी निघाले होते. एक गाडी शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली, आतला एसी माझ्या तोंडावर आला आणि चालवणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "बीच कुठल्या बाजूला?"

मी पश्चिमेकडे हात केला. "वेंगुर्ल्याला जावं लागेल. पाऊण तास धरा."

"अहो, पण हे कोकण ना?"

"कोकणच."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "मग हे काय?"

"तलाव."

"एवढंच?"

"एवढंच."

मागच्या सीटवर त्यांचा मुलगा चितारआळीतून घेतलेला लाकडी आंबा चावत बसला होता. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, दातांना काही व्हायचं नाही. रंगाबद्दल मात्र मी काहीतरी सांगणार होते, तेवढ्यात काच वर गेली.

कोकणात राहायचं आणि समुद्र नाही, ही खास सावंतवाडीकरांची गोची आहे. मुंबईचे नातेवाईक फोनवर म्हणतात, "तुमची काय मजा, रोज समुद्र!" आणि आम्ही "हो ना" म्हणून सोडून देतो. कोण सांगत बसणार. वेंगुर्ल्याची मावशी तर दर भेटीत म्हणायची, "तुमका दर्यो कशाक व्होयो? तुमचो टोपातलो दर्यो आसा मां!" आणि स्वतःच्याच विनोदावर पदर तोंडाला लावून हसायची. तिच्या घरी झोपलं की रात्रभर लाटा ऐकू यायच्या. मला कधी झोप लागली नाही. सारखं वाटायचं, कोणीतरी काहीतरी ओढून नेतंय. पाणी कसं, दुसरा काठ दिसेल असं असावं. पलीकडे कोण उभं आहे ते कळलं पाहिजे. मावशीला हे बोलून दाखवलं असतं तर आणखी हसली असती.

पाहुणे आले की आम्ही त्यांना ठरलेलं सगळं दाखवतो. राजवाडा, तिसऱ्या खेमसावंतांच्या वेळचा. आत गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, रंगवणारे कारागीर. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, १२० गोल पानांचा जोड. राजमाता सत्वशीलादेवींनी लक्ष घातलं म्हणून ही कला टिकली, हे सांगताना आमचा आवाज थोडा चढतो, जसं काही आम्हीच कुंचला धरला होता. एवढं करून गंजिफा खेळता येणारं माणूस मात्र आमच्या वाड्यात शोधून सापडणार नाही. मग तलाव. आजचा तलाव १८७४ सालचा. गावातलं श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचं. म्हणजे आधी वाचनालय, मग तलाव. गावाच्या स्वभावाबद्दल यापेक्षा जास्त सांगायला नको.

पण पाहुण्यांना जे कधी दाखवता येत नाही ते म्हणजे फेरी. संध्याकाळी ऊन उतरलं की अख्खं गाव तलावाला फेरी मारतं. सालईवाड्यातले, माठेवाड्यातले, सबनीसवाड्यातले, पेन्शनीतले, डॉक्टरने सांगितलेले, लग्न ठरलेले, लग्न मोडलेले. फेरीला नियम नाही, पण दिशा आहे. तलाव उजव्या हाताला. देवळातल्या प्रदक्षिणेला देव असतो तसा. हे कोणी ठरवलं माहीत नाही, पण दहातले आठजण असेच जातात आणि उरलेले दोघे गावात नवे असतात.

आणि मी. मी उलटी जाते. तलाव डाव्या हाताला.

याचं कारण सांगायला गेलं तर साधं हिशेबाचं आहे. सारख्या चालीने एकाच दिशेला चालणारी दोन माणसं एकमेकांना कधीच भेटत नाहीत. पुढच्याची पाठ आणि मागच्याची कुजबुज, संपलं. उलट दिशेने येणारा मात्र एका फेरीत दोनदा समोर येतो. एकदा राजवाड्याच्या बाजूला भेटला की दुसऱ्यांदा साधारण समोरच्या काठाला. पहिल्या वेळी "काय, बरां मां?" एवढंच होतं. दुसऱ्या वेळी ते विचारून झालेलं असतं, म्हणून काहीतरी खरं बोलावं लागतं. कोणाची मुलगी परत आली, कोणाचं ऑपरेशन ठरलं, हे मला कायम दुसऱ्या भेटीत कळलेलं आहे. फारच रंगलं तर केशवसुत कट्ट्यावर टेकायचं. लोक म्हणतात हिला गावातलं सगळं ठाऊक असतं. ठाऊक असणारच.

आजीला हे अजिबात चालायचं नाही. "उलट्यो फेऱ्यो मसणात मारतत गो!" ती ओट्यावरून ओरडायची. तिचं शास्त्र बरोबर होतं. पण घरात उलट्या फेरीची सुरुवात मी केली नव्हती. ती बाबांची. आणि त्यांना ती कधी एका शब्दाने बोलली नाही.

बाबांची आणि तात्याकाकांची वाटणी झाली तेव्हा मी शाळेत होते. वाटणी म्हणजे कोकणातली नेहमीची. कलमं, माड, विहिरीवरची पाळी, आणि कोणाच्या तरी बायकोने कधीतरी काढलेला एक शब्द. पडवीच्या मधोमध चिऱ्याची भिंत आली. तोवर दोघे भाऊ जोडीने फेरीला जात. भिंतीनंतर तात्याकाका नेहमीच्या वाटेने जाऊ लागले आणि बाबा, त्यांच्या मागे-पुढे चालायला नको म्हणून, उलट दिशेने. निदान आम्ही सगळे असंच धरून चाललो होतो. रोज संध्याकाळी दोघे एकमेकांना दोनदा सामोरे यायचे, न बोलता. तात्याकाका त्या वेळी पाण्याकडे बघायचे, बाबा घड्याळाकडे. एकाच दिशेला दहा पावलं मागे राहिले असते तर तोंडही बघावं लागलं नसतं.

बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे.

एका उन्हाळ्यात गाळ काढायला तलावाचं पाणी सोडलं. ते दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. रोज चार बोटं पाणी खाली जायचं आणि शाळा सुटली की आम्ही पोरं कठड्याला लटकून काय उघडं पडलंय ते बघायचो. आधी काठचा चिखल, मग त्यात रुतलेल्या वस्तू. विसर्जनाचे पाट, किती तरी. एक खुर्ची, तिला तीन पाय. चपला, आणि त्या कधीच जोडीने नाहीत. गणपतीच्या सोंडेचा तुकडा दिसला तेव्हा आमच्यातल्या एकीने हात जोडले आणि मग बघितलं कोणी हसतंय का. मधोमध पाण्याची थारोळी उरली आणि त्यात मासे तडफडायला लागले, तशी पाट्या, टोपल्या, जुनी लुगडी, मिळेल ते घेऊन माणसं चिखलात उतरली. एरवी इस्त्रीच्या शर्टात फिरणारे लोक गुडघ्यापर्यंत काळे होऊन एकमेकांना ओळखेनासे झाले होते. कठड्यावरचे प्रेक्षक सूचना देत होते. सूचना द्यायला आमच्याकडे माणसं कधी कमी पडलेली नाहीत. तात्याकाका राजवाड्याच्या बाजूच्या कठड्यावर, बाबा अलीकडच्या. दोघांच्या मध्ये सगळा रिकामा तलाव.

बाबा कधी उतरले ते मला दिसलं नाही. घरी आले ते हाताएवढा मासा घेऊन, धोतर खांद्यावर, आणि चेहरा असा की ओरडा खायची तयारी करून आलेत. आजीने माशाकडे बघितलंसुद्धा नाही. वास घेतला. "गोड्या पाण्यातलो? मातयेचो वास येता ह्येका." खाऱ्या पाण्यातला बांगडा दोन दिवसांचा असला तरी चालेल, पण तलावातला मासा म्हणजे आमच्याकडे मासाच नव्हे. ही अढी अजून आहे. माझीही आहे. दहाच्या सुमारास वेंगुर्ल्याची मासळी बाजारात येते, तिची वाट बघत माणूस उपाशी राहील, पण समोर पाण्यात उड्या मारणाऱ्या माशाकडे ढुंकून बघणार नाही.

मग आजी म्हणाली, "तकडे दी. थोरल्याक आवाडता."

तात्याकाकांना गोड्या पाण्यातला मासा आवडतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. लहानपणी ते ओहोळात गळ टाकून बसायचे म्हणे, आणि धाकट्याला गांडुळं धरायला लावायचे. मी टोप घेऊन भिंतीच्या पलीकडे गेले. जाणं म्हणजे अंगणातून वळसा घालून तीस पावलं. काकूने टोप घेतला, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी टोप परत आला. रिकामं भांडं परत करायचं नसतं म्हणून त्यात ओले काजूगर होते. आईने उसळ केली. बाबांनी दोनदा मागून घेतली, काजूगर कुठले ते न विचारता.

झालं, एवढंच. संध्याकाळी दोघे आपापल्या दिशेने फेरीला गेले, रिकाम्या तलावाला. पुढे पावसाने तलाव भरला, आंबोलीचे ढग उतरून आले, छत्र्या उलट्या व्हायला लागल्या, आणि छत्री समोर धरली की बघायचं की नाही हा प्रश्नच राहिला नाही.

वाटणीत एक गोष्ट मात्र वाटली गेली नव्हती. गणपती. चूल वेगळी होते, विहिरीवर तारीख-वार लागतात, पण मूळ घरातला गणपती एकच राहतो. तो भिंतीच्या कुठल्या बाजूला बसवायचा हा प्रश्न आजीने आधीच निकालात काढला होता. गणपतीवरची पानाफळांची माटवी तिच्या खोलीतच बांधली जायची. पाच दिवस काकू आणि आई एका चुलीवर मोदक करत, आरतीला तात्याकाकांचा वरचा स्वर आणि बाबांची झांज. पाचव्या दिवशी तोच एक पाट, एका बाजूने तात्याकाका, दुसऱ्या बाजूने बाबा, तलावाच्या पायऱ्यांवरून खाली पाण्यात. पाट धरलेल्या दोन माणसांना एकमेकांशी थोडं तरी बोलावंच लागतं. "जपान." "पायरी आसा." "सोड आता." वर्षभराचं बोलणं ते तेवढंच. परत येताना दोघे ओल्या कपड्यांनी, पाच-सात पावलांच्या अंतराने, एकाच दिशेने घरी यायचे.

अलीकडे गावाला सगळेच वळसा घालतात. रेल्वे आली ती मळगावात थांबते, हायवे झारापवरून परस्पर पत्रादेवीला जातो, विमानतळ झाला तो मोपाला. तात्याकाकांचा मुलगा गोव्यात कामाला असतो. आधी रोज ये-जा करायचा, आता तिकडेच खोली घेतली आहे. चतुर्थीला त्याला दीड दिवसाची सुट्टी मिळते. तलावावर फेरीला पूर्वीइतकी गर्दी नसते असं मी म्हटलं तर लोक म्हणतात, तुला तसं वाटतं. संगीत कारंजं चालू असलं की होते गर्दी. ती फेरीची नव्हे, पण होते.

तात्याकाकांचे गुडघे गेल्या पावसाळ्यात संपले. आता ते पडवीतच बसलेले असतात, भिंतीच्या त्यांच्या बाजूला. बाबा अजून फेरीला जातात. आजही उलटेच. परवा मी विचारलं, आता सरळ का नाही जात?

"सवय गो," म्हणाले. "आणि ह्या बाजून वारो बरो लागता."

वारा पाण्यावरून येतो, तो कुठूनही चाललं तरी सारखाच लागतो. मी ते बोलले नाही. मला दुसरंच विचारायचं होतं, जे घरात अजून कोणीच काढलेलं नाही. तात्याकाकांना त्या पायऱ्या उतरता यायच्या नाहीत, पोराची सुट्टी पाचव्या दिवसापर्यंत पुरत नाही. मग यंदा पाटाची ती बाजू धरायची कोणी? काकू म्हणेल दीड दिवसाचा करू. बाबा नाही म्हणतील. तात्याकाका काय म्हणतील ते बाबांना विचारून चालणार नाही, आणि बाबा काय म्हणाले ते तात्याकाकांना मलाच जाऊन सांगावं लागेल, अंगणातून वळसा घालून.

बघू. चतुर्थीला अजून अवकाश आहे.