कुगावच्या पाण्यावर, हिवाळी वाऱ्यात स्टँड-अप पॅडल

सोलापूर म्हटलं की लोकांना ऊन आठवतं, पण डिसेंबरात पहाटे गाडीची काच खाली करून बघा, कान बधिर होतात. मी आणि माझा मेहुणा अंधारातच निघालो, मोहोळ, टेंभुर्णी, तिथून करमाळा रोडला वळायचं, कंदरच्या केळीच्या बागा मागं टाकायच्या आणि जेऊरवरून उजनी धरणाच्या काठावरच्या कुगावकडे. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे ओव्हरटेकची घाई करायचीच नाही. स्टँड-अप पॅडल म्हणजे रुंद बोर्डवर उभं राहून लांब दांड्याच्या वल्ह्यानं पाणी मारत जायचं, आणि आमचे बोर्ड हवा भरून फुगवायचे, त्यामुळे डिकीत मावतात हे एक बरंय.

उजनी उन्हाळ्यात मायनसमध्ये जाते हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहितीये. ११७ टीएमसीचं धरण, त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी, तरी मे महिन्यात त्यालाही हात घालावा लागतो. पण पाऊस चांगला झाला असला की हिवाळ्यात बॅकवॉटर काठोकाठ भरलेलं असतं, नजर पोचेल तिथवर पाणी, आणि एवढ्या मोकळ्या पाण्यावरून वारा अडथळ्याशिवाय धावत आला की चक्क लाटा उठतात. समुद्रासारख्या नाही, गुडघ्याएवढ्यासुद्धा नाही, पण बोर्ड ढकलायला पुरतात. मला तेच पाहिजे होतं.

पोचलो तेव्हा पाणी शांत होतं. साडेआठ-नऊला ऊन वर आलं आणि वारं सुटलं. आम्ही पंप मारत होतो, १५ पीएसआयपर्यंत (हे हवेच्या दाबाचं माप) हवा भरायची, शेवटचे दोन-तीन पीएसआय भरताना दंड भरून येतात पण तिथं कंजूषपणा केला तर बोर्ड मधे वाकतो आणि लाटेवर साथ देत नाही. जाळी काढून आलेले एक मामा बघत उभे होते.

"पाव्हणं, वारं वाढणाराय बघा. काठ सोडू नका."

"नाही मामा, कडंकडंनंच जाणार."

हे मामा उगाच सांगत नव्हते. मे २०२४ मध्ये याच कुगावहून पलीकडं कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्या पाण्यावर जाताना ती गोष्ट डोक्यात असलीच पाहिजे. लाइफ जॅकेट चेन लावून, पट्टे आवळून घालायचं, बोर्डवर नुसतं बांधून न्यायचं नाही. आणि पायाला लीश, म्हणजे बोर्डला बांधलेली दोरी. माणूस पडला की बोर्ड रिकामा होतो, हलका होतो आणि वारा त्याला पळवतो, तुम्ही कितीही चांगले पोहत असला तरी हाताला लागत नाही.

वाऱ्याची दिशा बघणं तर सगळ्यात महत्त्वाचं. काठाकडून आत पाण्याकडं वाहणारा वारा दिसायला गरीब असतो, काठाजवळ पाणी सपाट वाटतं, आत गेल्यावर कळतं की परत येता येत नाहीये. म्हणून आम्ही अशी वळणाची जागा धरली जिथं वारा काठाला समांतर वाहत होता आणि आधी वाऱ्याच्या तोंडावर निघालो. ताकद असते तेव्हाच कष्टाचं अंतर कापायचं, येताना वारा घरी आणून सोडतो.

उभं राहून वाऱ्याविरुद्ध गेलं की आपलंच अंग शिडासारखं काम करतं. मग सरळ गुडघ्यावर बसायचं, पॅडल आखूड करायचं, लहान-लहान भरभर स्ट्रोक. पॅडलचं पातं दांड्याला थोडं पुढं वाकलेलं असतं, तो वाक पुढच्या बाजूलाच ठेवायचा. वाटेत जाळ्यांना बांधलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दिसल्या की लांबून वळसा घालायचा, बोर्डच्या खालची फिन, म्हणजे दिशा धरून ठेवणारा पंख, अडकली तर त्या माणसाची दिवसाची कमाई फाटते. पाणी हिरवं आहे, वास पण येतो कधीकधी, वरच्या शहरांचं सांडपाणी इथं येऊन थांबतं आणि याचा राग मला प्रत्येक वेळी येतो.

टोकाला जाऊन बोर्ड फिरवला, उभा राहिलो आणि तिथून खरी मजा. मागून लाट आली की बोर्डची शेपटी उचलली जाते, पायाच्या तळव्याला ते आधी कळतं, त्याच क्षणी तीन-चार जोरात स्ट्रोक, मागचा पाय जरासा मागं, आणि बोर्ड सुटतो! पॅडल न मारता बोर्ड घसरत जातो, खाली पाणी फर्र आवाज करतं, पाच-सात सेकंद असतील फार तर, मग लाट पुढं निघून जाते आणि पुढचीची वाट बघायची. समुद्रापासून इतक्या लांब, ज्वारीच्या मुलखात, हे मिळतंय याचं मला फार अप्रूप आहे. मेहुण्याला दोन लाटा चांगल्या लागल्या, तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की काठावरचे बगळे उडाले.

दहानंतर पाण्यावर पांढरे शेंडे दिसायला लागले तसे आम्ही बाहेर. ओले कपडे लगेच बदलायचे, सुती कपडा ओला झाला की वाऱ्यात हुडहुडी भरते, म्हणून आत सिंथेटिक आणि वर विंडचीटर बरं.

मामा अजून तिथंच होते, बोर्ड दाबून दाबून बघितला आणि विचारलं, "यावरनं चिलापीचं जाळं टाकता येईल का ओ?" म्हटलं बसून येईल, वारं नसताना. मग आता एखाद्या शांत सकाळी त्यांना बोर्डवर बसवायचं ठरलंय, जॅकेट त्यांच्या मापाचं आणणार आहे.