कोल्हापुरात लिनक्स: जून ते डिसेंबर 2025 ची नोंद

व्याख्यान ऐकून आलेला माणूस लिनक्सच्या गटात टिकत नाही, हे आता मी ठामपणे म्हणायला तयार आहे. टिकतो तो काहीतरी अडलं म्हणून आलेला. कुणाचा लॅपटॉप अडलेला असतो, कुणाचं ड्रॉइंग, कुणाची गल्ली नकाशात सापडत नसते. या सहा-सात महिन्यांत कोल्हापूर परिसरात लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मुक्त संगणक प्रणाली) आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरसाठी जे केलं ते इतर गटांच्या, विशेषतः छोट्या शहरांतल्या गटांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतोय. पुण्यामुंबईचं गणित वेगळं आहे. तिथं वक्ता रिक्षानं येतो. आम्ही पुण्याहून कुणाला बोलावलं तर जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर होतात आणि दिवस जातो तो वेगळाच.

जून-जुलै

कॉलेजं सुरू झाली की सेमिनार हॉल सहज मिळतो. पुष्पगुच्छ, दीपप्रज्वलन, प्राचार्यांचं मनोगत, आणि आपल्या वाट्याला उरलेली अर्धी घटिका. त्यात मुक्त सॉफ्टवेअरचा 1983 चा ग्नू प्रकल्प, 1991 चं लिनक्स, वापरायचं, अभ्यासायचं, वाटायचं आणि सुधारायचं स्वातंत्र्य, असं सगळं कोंबायचं. शेवटी प्रश्न एकच येतो: "सर, सर्टिफिकेट मिळणार का?" पोरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कार्यक्रमाचा साचाच तसा आहे.

म्हणून यंदा हॉल न मागता शनिवारी दुपारची लॅब मागितली. डिप्लोमाची पोरं, चार जीबी रॅमची जुनी मशिन्स, हातात लिनक्सचा पेनड्राइव्ह. भाषण नाही. लॅब सांभाळणाऱ्या काकांची अट एकच होती, "परीक्षेच्या मशिनला हात लावायचा नाही." तेवढी पाळली आणि पुढचे सगळे शनिवार मिळाले. यातली जी पोरं दुसऱ्या शनिवारीही आली, त्यांच्याच जिवावर पुढचं सगळं उभं राहिलं.

ऑगस्ट, उद्यमनगर

या वर्षातलं सगळ्यात समाधानाचं काम हे. शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीला पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरून करतात तो नमुना) करून देणारे, मशिनिंगचं जॉबवर्क करणारे छोटे शेड आहेत. बहुतेकांकडे कॅड, म्हणजे ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, आहे, पण त्यातलं किती विकत घेतलेलं, हे विचारू नये. एका शेडवाल्याला एका कॅड कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं आणि त्यानं आमच्यातल्या एकाला फोन केला, "भावा, ते तुमचं फुकटातलं काय ते दाखव लगा."

फुकटातलं म्हणजे फ्रीकॅड. त्याची 1.0 आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली, आणि उद्यमनगरात दाखवण्याजोगं ते तेव्हापासूनच झालं असं माझं मत. आधीच्या आवृत्त्यांत सुरुवातीच्या स्केचमधलं एखादं माप बदललं की आतल्या पृष्ठभागांचे नंबर सरकायचे आणि पुढचे फिलेट (कडांची गोलाई), भोकं भलतीकडेच जाऊन बसायची. हे दुखणं पुरतं गेलेलं नाही, पण बरंच कमी झालंय. असेंब्लीची, म्हणजे सुटे भाग जोडून बघायची, सोयही आता सोबतच येते.

डेमोसाठी आम्ही आमचं काही नेलं नाही. त्याच्याच टेबलावरचं पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग घेतलं. पॅटर्नमध्ये श्रिंकेज धरावं लागतं, म्हणजे ओतलेला धातू थंड होताना आकसतो म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. कास्ट आयर्नला साधारण 1 टक्का, स्टीलला 2 टक्क्यांच्या आसपास. फ्रीकॅडच्या स्प्रेडशीटमध्ये हे प्रमाण एका खान्यात लिहिलं आणि सगळी मापं त्या खान्याला बांधली. खान्यातला आकडा बदलला की अख्खा पॅटर्न फुगतो. जुने मिस्त्री तोवर लांबून बघत होते. आकसणं धरूनच आखलेली लोखंडी पट्टी त्यांच्या खिशात असते. ते पुढं आले, स्वतः आकडा बदलून बघितला, "हे बरं हाय," म्हणाले आणि परत कामाला लागले. आमच्या आख्ख्या मोहिमेला मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी समजा.

अडचण आली ती डीडब्ल्यूजीची, म्हणजे ऑटोकॅडच्या फाइलींची. गिऱ्हाईक त्यातच फाइल पाठवतं, आणि फ्रीकॅडला ती उघडायला वेगळा कन्व्हर्टर जोडून द्यावा लागतो. यावर उद्यमनगरातच तोडगा निघाला: गिऱ्हाइकाकडून डीएक्सएफ किंवा स्टेप या दुसऱ्या प्रकारची फाइल मागून घ्यायची. बहुतेक जण कुरकुर न करता देतात.

आता महिन्यातून एका रविवारी त्याच शेडमध्ये बसतो. हळूहळू शेजारच्या शेडमधले ऑपरेटर यायला लागले, आणि आम्ही नसलो तरी एकमेकांचं अडलेलं सोडवतात. एकानं जी-कोडमधली (मशिनला द्यायच्या आज्ञांतली) एक चूक पकडली. ती इंग्रजीत मांडून फ्रीकॅडच्या प्रकल्पाकडे कशी पोचवायची, हे डिप्लोमाच्या एका मुलीनं त्याच्या शेजारी बसून करून दिलं. तिला मशिन कळत नव्हतं, त्याला इंग्रजी. मला विचाराल तर गट वाढला तो त्या दुपारी.

सप्टेंबर

सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन 2004 मध्ये सुरू झाला, आता तो जगभर सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी होतो. यंदा तो 20 तारखेला, म्हणजे ऐन पितृपक्षात आला. आयोजकांना खाजगीत सांगतो, पितृपक्षासारखा मोसम नाही. लग्न नाही, मुंज नाही, हॉल रिकामे आणि भाडं घासाघीस करून मिळतं. दोनच दिवसांनी घटस्थापना होती. नवरात्रात अंबाबाईच्या गर्दीत महाद्वार रोडच्या आसपास गाडी लावायलासुद्धा जागा नसते.

बोर्डावर स्वातंत्र्य वगैरे काही लिहिलं नाही. "जुना लॅपटॉप भंगारात घालू नका, घेऊन या" एवढंच. 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा मोफत आधार संपणार होता, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. जगभर याच निमित्तानं जुन्या मशिनवर लिनक्स घालायची 'एंड ऑफ टेन' मोहीम चालू होती, आम्ही तिच्यात सामील झालो.

असा इन्स्टॉल फेस्ट, म्हणजे लोकांच्या मशिनवर लिनक्स घालून द्यायचा मेळावा, करणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. दारातच एक टेबल ठेवा, तिथं फक्त तीन गोष्टी बघायच्या: बॅकअप घेतलाय का, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की हाताशी आहे का, चार्जर आणलाय का. यातलं एक जरी नसलं तर आत सोडायचं नाही, कितीही ओळखीचा असो. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा, नाहीतर ड्युअल बूटमध्ये (एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवल्यावर) लिनक्समधून डी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. हॉलच्या वायफायवर विसंबू नका. एका जुन्या लॅपटॉपवर एप्ट-कॅशर-एनजी चालवलं की प्रत्येक पॅकेज एकदाच उतरतं आणि बाकीच्यांना तिथूनच मिळतं. डेबियन या लिनक्सची 13 वी आवृत्ती तेव्हा नुकतीच, 9 ऑगस्टला आलेली. 2023 च्या डेबियन 12 पासून फर्मवेअर (वायफायसारखे भाग चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच असतं, त्यामुळे वायफायची जुनी रडारड बरीच थांबलीय. आणि डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कुठली यावर भांडत बसण्यापेक्षा हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. जो फरक पडतो तो माणसाला दिसतो.

परत पाठवायलाही शिकलं पाहिजे. टॅलीवर धंदा चालवणाऱ्याला, डिजिटल सहीचा डोंगल रोज लावणाऱ्या कर सल्लागाराला आम्ही सरळ सांगितलं, तुमचं मुख्य मशिन आहे तसं ठेवा. असं सांगितलेली माणसंच दुसऱ्या फेरीला घरातला दुसरा लॅपटॉप घेऊन आली.

एक मावशी मुलाचा टाकून दिलेला लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. बचत गटाचा हिशेब ठेवायचा होता. "बाळा, मराठीत टाइप होतंय का तेवढं सांग," एवढाच प्रश्न. लिबरऑफिस कॅल्क (एक्सेलसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला, कळा कुठे कुठे आहेत त्याचा कागद छापून दिला. दिवाळीनंतर त्यांच्याच गटातल्या आणखी दोघी आल्या, आणि शिकवायला मावशीच बसल्या. आमचं पोरगं नुसतं चहा आणायला.

ऑक्टोबर

विद्यापीठाच्या परीक्षा, दिवाळी. काही झालं नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर

पाऊस सरल्यावर ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे लोकांनीच भरायच्या मुक्त नकाशाच्या, फेऱ्या सुरू केल्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 आणि 2021 चा पूर ज्यांनी बघितला त्यांना नकाशाचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. शुक्रवार पेठेतल्या आणि प्रयाग चिखलीतल्या बोळांतून मोबाइलवर स्ट्रीटकम्प्लीट हे नकाशा भरायचं ॲप घेऊन हिंडलो. तालमी, दवाखाने, उंचावरच्या शाळा, पाण्याच्या टाक्या, नावं देवनागरीत. लोक घराबाहेर येऊन भिंतीवर हात ठेवून दाखवत होते, "हितंपर्यंत आलतं."

एका पोरानं विचारलं, नावं गुगलच्या नकाशावरून बघून टाकली तर काम लवकर होईल ना? तिथंच फूटपाथवर परवान्यांचा विषय निघाला. तो नकाशा त्यांच्या मालकीचा, त्यातलं उचलायचं नाही. हा आपण भरलेला, तो उद्या ग्रामपंचायतीनं छापला, कुणी ॲपमध्ये घातला तरी चालतो, श्रेय मात्र द्यायचं. आधी हॉलमधल्या भाषणांत जे डोक्यावरून जात होतं ते इथं चहा होईपर्यंत समजलं.

इचलकरंजी आणि गारगोटीला एकेक बैठक झाली. तालुक्याला जायचं तर वेळ शेवटच्या एसटीवरून ठरवा, साडेचारला आवरतं घ्या. तिथली माणसं उशिरा येत नाहीत आणि मध्येच उठून जात नाहीत, शहरापेक्षा तिथं जायला मला जास्त आवडतं.

फेब्रुवारीत उद्यमनगरात एका जुन्या मिलिंग मशिनवर लिनक्ससीएनसी (पीसीवरून मशिन चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर) चालवून बघायचंय. पॅरलल पोर्टवाला जुना पीसी मिळालाय, मशिन मालक तयार आहे, स्टेपर ड्राइव्हचं (मशिनच्या मोटारी फिरवणाऱ्या भागाचं) वायरिंग करणारा माणूसही आहे. नाही तो फक्त हे प्रत्यक्ष चालवलेला माणूस. सांगली-मिरज, बेळगाव, पुण्याकडं कुणी असेल तर दोन दिवस काढून या. राहायची सोय आमच्याकडे, तांबडा-पांढराही आमच्याकडे. येण्याआधी रिअल-टाइम कर्नलची लेटन्सी तपासणी (पीसी आज्ञा वेळेवर पाळतो का ते बघायची) किती वेळ चालवायची तेवढं कळवा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत तो पीसी कामाचा आहे की नाही ते बघून ठेवतो.