एडिस्टन दीपगृह, १:१०० – नोंद चौथी: पाया झाला

इंग्लंडच्या प्लिमथजवळ भर समुद्रात खडकावर उभ्या असलेल्या एडिस्टन दीपगृहाची प्रतिकृती करतोय, तिचा अखेर पाया झाला. दोनदा ओतावा लागला, पण आता मापात आहे.

पहिल्या वेळचा घोळ माझ्या डोक्यातल्या चित्रामुळे झाला. भर समुद्रातलं दीपगृह म्हटलं की झाडाच्या बुंध्यासारखा खाली पसरत गेलेला मनोरा डोळ्यांपुढे येतो. तो एडिस्टनचाच आधीचा मनोरा, जॉन स्मीटनचा, १७५९ सालचा. मी तसाच पसरट पाया ओतून बसलो. नंतर जेम्स डग्लसच्या, म्हणजे मी करतोय त्या आजच्या मनोऱ्याचा उभा छेद नीट पाहिला, तर तळाला सरळसोट ढोल! व्यास १३.४ मीटर, उंची ६.७, आणि मनोरा त्याच्या काठापासून आत सरकून उभा. त्या काठाचा उपयोग बोटीतून उतरायला.

हा ढोलच या मनोऱ्याचा जीव आहे, असं मला आता वाटतं. स्मीटनच्या बाकदार भिंतीवरून मोठी लाट चढत चढत थेट दिव्याच्या खोलीपर्यंत जायची. मनोरा हादरायचा. त्याचे सांधे पक्के होते, पण खालचा खडकच समुद्राने पोखरला होता. म्हणून १८७८ साली शेजारच्या खडकावर नवं काम सुरू झालं आणि १८८२ च्या मे महिन्यात दिवा लागला. डग्लसने उभी भिंत ठेवली. लाट तिथेच आपटून फुटते, वर चढायला तिला उतारच मिळत नाही.

माझा ढोल १३.४ सेंटीमीटर व्यासाचा. पारदर्शक प्लास्टिकची शीट गोल वळवून साचा केला, तळाला मेण लावून बंद केला आणि प्लास्टर ऑफ पॅरिस दोन टप्प्यांत ओतलं. पहिला थर घट्ट व्हायच्या आत दुसरा ओता, नाहीतर मध्ये रेघ दिसते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो दगडांच्या एका थराने. खऱ्या मनोऱ्यात ग्रॅनाइटचा प्रत्येक दगड डव्हटेल खाचांनी शेजारच्या, वरच्या आणि खालच्या दगडांत अडकवलेला आहे. हे दिसावं म्हणून एक थर मी सुट्या दगडांचा केला, वर-खालच्या खाचा मात्र सोडून दिल्या. पंख्यासारखी रुंदावणारी जीभ, तिला तशीच खाच. शेवटचा दगड बाहेरून ढकलत बसलो तर जीभ तुटली. नवा करून वरून सोडला आणि तो टचकन बसला. मग बोटाने बाहेर ओढून पाहिला, जागचा हलला नाही. गोंदाचा थेंबही नव्हता. लाटेने दगड उपसला का जात नाही, ते तेव्हा हाताला कळलं.

आतून मनोरा बराच वरपर्यंत भरीव आहे, फक्त गोड्या पाण्याच्या टाक्यांपुरती पोकळी. ती छेदात दाखवणार आहे. दिव्याच्या खोलीतली मूळची, एकावर एक अशी दुमजली भिंगं शेवटी करेन, त्यांना राळेचा साचा लागेल.

आता अडचण प्रतिकृतीखालच्या पाटाची. स्मीटनचा मनोरा वरून उतरवून प्लिमथच्या किनाऱ्यावर पुन्हा उभारला, बुंधा मात्र खडकावरच राहिला आणि आजही तिथे आहे. दोन्ही मनोऱ्यांत अंतर चाळीस मीटरच्या आतलंच. बुंधा नसेल तर हे एडिस्टन वाटणारच नाही. पण माझा पाट ४० सेंटीमीटरचा, त्यावर दोन्ही मावत नाहीत. उद्या ६० सेंटीमीटरचा प्लायवूड कापून आणतो.